मऊ आवाज

रेडिओमावशी गप्प झाली, ही पहिली खूण होती. ती खूण आहे हे मात्र वहिनींना फार उशिरा कळलं.

छापखान्याच्या मागच्या अंगाला बाइंडिंगचा लांबलचक हॉल होता. वर धुळीनं पिवळ्या पडलेल्या काचा, खाली तीसेक माणसं. कोणी छापून आलेल्या कागदांच्या घड्या घालायचं, कोणी त्या शिवायचं, कोणी पुस्तकाच्या कण्याला खळ लावायचं. आणि अगदी शेवटी, भिंतीलगत, कटर. शिवून चिकटवून झालेलं प्रत्येक पुस्तक तीन कडा कापून घ्यायला त्याच्याखाली जायचं. त्याचं पातं माणसाच्या हाताएवढं लांब होतं, आणि विटेएवढ्या जाडीचा गठ्ठा ते लोणी कापावं तसं कापायचं. दोन बटणं दोन हातांनी एकाच वेळी दाबली तरच पातं खाली येई. म्हणजे पातं खाली येताना दोन्ही हात बटणांवर असणार, पात्याखाली नसणार. मशीन बनवणाऱ्यानं माणसाचा स्वभाव ओळखून ती सोय केली असावी.

कटरवर पूर्वी वहिनींचे सासरे होते. आता त्यांचा धाकटा मुलगा, म्हणजे वहिनींचा दीर होता. वहिनी लग्नानंतर घड्या घालायला म्हणून या हॉलमध्ये आल्या. दीर त्यांना वहिनी म्हणायचा, म्हणून सगळा हॉल वहिनी म्हणू लागला. वीस वर्षांत हॉलमधलं असं एक काम राहिलं नाही की जे त्यांच्या हाताखालून गेलं नाही. सासऱ्यांनी त्यांना आणि दिराला कटरचं पातं काढायला आणि बसवायलाही शिकवलं. ते दोन माणसांचं काम. एकानं पात्याला मुठी लावून ते धरून ठेवायचं, दुसऱ्यानं एकेक बोल्ट सोडायचा, आणि प्रत्येक बोल्टाआधी विचारायचं, "सोडू?" समोरून "सोड" आल्याशिवाय पाना हलवायचा नाही.

"आणि आलं की लगेच सोडायचं नाही," मामंजी म्हणत. "होकार ऐकायचा नसतो. तो कसा आला ते ऐकायचं असतं. घाईचा होकार असेल, भ्यालेला असेल, तर परत विचारायचं. माणूस तोंडानं हो म्हणतो आणि त्याचे हात नाही म्हणत असतात."

मामंजी दहाच्या दहा बोटं घेऊन निवृत्त झाले. त्यांना दुसरी कशाची मिजास नव्हती, एवढी एक होती.

वहिनी हॉलच्या प्रमुख झाल्या तेव्हा त्यांच्यात एकच खोट होती. त्या ओरडायच्या. काम चुकलं की अशा ओरडायच्या की पुढच्या बाजूला छपाई यंत्रांच्या आवाजातही ऐकू जावं. हॉलनं त्यांचं नाव 'कुकर' ठेवलं होतं, आणि ते त्यांना माहीतही होतं. शिवणाच्या मशीनवरची रेडिओमावशी, जिचं तोंड सकाळी सुरू व्हायचं ते दिवे बंद होईपर्यंत, ती त्यांच्यासमोरच म्हणायची, "झाली शिटी. आता थंड होतील. मग विचारा काय विचारायचं ते." आणि ते खरंच होतं. ओरडून झालं की वहिनी स्वतः उसवलेलं पुस्तक घेऊन बसायच्या, अर्ध्या तासात हसायच्याही. कोणाला त्यांचं भय वाटत नव्हतं. पण वर, मालकांच्या, म्हणजे साहेबांच्या खोलीपर्यंत, तो आवाज पोचत होता.

"तुम्ही कामात सोनं आहात," साहेब एकदा म्हणाले. "फक्त माणसं सांभाळायचं थोडं शास्त्र असतं. भावना ओळखणं, आपल्याही आणि दुसऱ्याच्याही. त्याचा एक कोर्स आहे. जाऊन या."

वहिनी गेल्या. गालिचा घातलेल्या थंडगार खोलीत वेगवेगळ्या कारखान्यांचे पंधरा-वीस प्रमुख गोल करून बसले होते. शर्टाला छोटा माईक लावलेला एक तरुण प्रशिक्षक मधे फिरत होता. त्यानं शिकवलं ते वहिनींनी मनापासून ऐकलं, कारण आपल्या रागाची त्यांना स्वतःलाच लाज वाटायची. आवाज खाली आणा. समोरच्याला आधी बसवा. थोडं पुढे झुका. त्याचं म्हणणं त्यालाच परत सांगा, म्हणजे आपलं ऐकलं गेलं असं त्याला वाटतं. आणि विचारा, कसं वाटतंय तुम्हाला.

घरी त्यांनी नवऱ्यावर सराव केला.

"भाजीत मीठ कमी आहे," नवरा म्हणाला.

"मीठ कमी आहे असं तुम्हाला वाटतंय तर."

"वाटत नाहीये. आहे."

"कसं वाटतंय तुम्हाला मग?"

"अळणी," तो म्हणाला, आणि दोघं हसत सुटली.

हॉलमध्ये तो आवाज पहिल्यांदा वापरायची वेळ आली ती खळकाकांच्या बाबतीत. खळकाका म्हणजे कण्याला खळ लावणारे. नखं कायम पांढरी, बोलणं चिकट, एका तक्रारीला दुसरी लागून यायची. साहेबांनी वहिनींना वर बोलावलं. खळीवरचा एक माणूस कमी करायचा आहे, त्या म्हाताऱ्यालाच करू, म्हणाले. "आता तुम्ही शिकून आलाच आहात. तुम्हीच सांगा. जरा हळुवारपणे."

वहिनींच्या केबिनला तीन बाजूंनी काच होती. त्यांनी चहा मागवला. खळकाकांना आत बोलावलं.

"बसा ना काका."

"उभा बरा आहे मी. हाताला खळ आहे."

"असू द्या. बसा."

त्या खुर्चीवर हॉलमधलं कोणी कधी बसलेलं नव्हतं. खळकाका कडेवर टेकले. वहिनी पुढे झुकल्या. त्यांचा आवाज इतका खाली होता की चहाच्या कपातला चमचाही त्याहून मोठा वाजला असता. त्यांनी सगळं नीट, शिकवल्याप्रमाणे सांगितलं. मग विचारलं, "कसं वाटतंय तुम्हाला?"

खळकाका उठून उभे राहिले. "तू ओरडली असतीस तर बरं वाटलं असतं," ते म्हणाले. दाराशी जाऊन ते पुन्हा वळले. "त्या कटरचं बघ तेवढं."

जाणारा माणूस विषय बदलतोय, असं वहिनींना वाटलं. "तुमची काळजी मी समजू शकते," त्या मऊ आवाजात म्हणाल्या.

काचेबाहेर हॉलनं एवढंच पाहिलं: खळकाका आत गेले, त्यांना बसवलं, चहा दिला, वहिनी हसून पुढे झुकल्या, आणि खळकाका ॲप्रनची घडी काखेत धरून मागच्या दारानं निघून गेले.

त्या दिवशी आपण ओरडलो नाही, याचं वहिनींना समाधान वाटलं. कदाचित थोडा अभिमानही.

मग हॉल शहाणा होत गेला. वहिनींना तरी तसं वाटलं. कोणी उलट बोलेना. कोणी तक्रार घेऊन येईना. सकाळी फेरी मारताना त्या एकेका टेबलाशी थांबत, थोडं झुकत आणि विचारत, "कसं वाटतंय?" आणि उत्तर येई, "छान, मॅडम." पुढच्या टेबलाशी, "छान, मॅडम." वहिनी म्हणणारी माणसं मॅडम कधी म्हणायला लागली, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. एकदा घड्या घालणाऱ्या एका बाईंना त्यांनी विचारलं तर त्या उभ्याच राहिल्या, आणि मांडीवरचे सगळे कागद जमिनीवर पसरले. वहिनींनी ते स्वतः वाकून गोळा केले. बाईंचे हात गार पडले होते.

कागदांच्या उंच थप्पीमागून त्यांना एकदा बोलणं ऐकू आलं.

"कुकरची शिटीच काढून ठेवली, तर काय होतं माहितेय ना?"

"काय होतं?"

"काही नाही. आवाज बंद होतो."

"मग?"

"मग काय. बसायचं वाट बघत."

वहिनींना आधी हसू आलं. थप्पीला वळसा घालून त्या पुढे आल्या तेव्हा दोघं खाली मान घालून काम करत होती, आणि रेडिओमावशीच्या मशीनचा आवाज येत होता. नुसता मशीनचा.

शाळा उघडायच्या आधीचा हंगाम होता. पाठ्यपुस्तकांच्या थप्प्या छतापर्यंत चढत होत्या, वरून साहेबांचे फोन येत होते, आणि कटर हळू चालत होता. वहिनी काचेतून बघायच्या. दीर गठ्ठा आत सरकवायचा, तोही हातानं नाही, लांब लाकडी पट्टीनं. दोन बटणं दाबायचा. पातं यायचं, वर जायचं. मग तो दोन्ही हात छातीशी घेऊन नुसता उभा राहायचा. ओळखीच्या पण चावऱ्या कुत्र्याकडे बघावं तसा पात्याकडे बघत. मग पट्टीनंच गठ्ठा ओढून घ्यायचा. कापलेली पुस्तकं उचलायला येणाऱ्या बायका समोरून न येता भिंतीकडून वळसा घालून यायच्या. एकीनं कधी घाईत समोरून पाऊल टाकलं, तर दुसरी तिला काही न बोलता पदराला धरून मागे ओढायची.

वहिनींनी दिराला केबिनमध्ये बोलावलं.

"भाऊजी, काम थोडं हळू होतंय असं मला जाणवतंय. मनात काही आहे का?"

दिरानं खुर्चीकडे पाहिलं आणि तो उभाच राहिला. "काही नाही, मॅडम."

"मॅडम काय. वहिनी म्हणा की."

"हो, मॅडम."

"कसं वाटतंय तुम्हाला?"

त्याच्या कपाळावर एकदम घाम आला. केबिनमध्ये पंखा चालू होता. "छान," तो म्हणाला. "वेग वाढवतो मी."

त्या दिवसापासून त्यानं खरोखरच वेग वाढवला. लाकडी पट्टी भिंतीला टेकवून ठेवली. वहिनींना वाटलं, बोलल्यानं काम होतं ते असं.

सुट्टीच्या दिवशी सगळे सासूबाईंकडे जेवायला जमायचे. त्या दिवशी दीर पानावर बसला आणि म्हणाला, "मॅडम, पाणी देता का?"

सगळ्यांचे घास थांबले. सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "घरात मॅडम कसली रे?"

"सवय झाली," दीर म्हणाला.

"आणि तू गं," सासूबाई वहिनींकडे वळल्या, "तूही हल्ली दवाखान्यातल्या बाईसारखी बोलतेस. कसं वाटतंय, कसं वाटतंय. मला तर धडधडायला होतं, वाटतं आता काय सांगते कोण जाणे. जरा ओरड की एकदा. घर कसं ओकंबोकं झालंय."

नवरा हसला. दीर हसला नाही. सासूबाई आपल्याच नादात मामंजींच्या आठवणी काढत बसल्या. नोकरीच्या शेवटच्या दिवशी घरी आले तेव्हा कसे दारातच दोन्ही पंजे पसरून उभे राहिले, घे मोजून म्हणाले. दिराच्या हातातली वाटी निसटून ताटात पडली.

नंतर मोरीत भांडी विसळताना धाकटी जाऊ नळ मोठा सोडून म्हणाली, "ताई, एक विचारू? कामावर काही झालंय का?"

"का गं?"

"हे हल्ली दोन्ही हात उशीखाली घालून झोपतात. लहान मुलं झोपतात ना, तसे. मधेच दचकून उठतात आणि बोटं चाचपून बघतात. विचारलं तर म्हणतात, सगळं छान आहे." तिनं नळ बंद केला. "मी सांगितलं असं सांगू नका हं."

त्या दिवशी वहिनी घरी परतल्या. छान हा शब्द त्यांच्या डोक्यात घोळत राहिला. तीस तोंडांतून तो अगदी एकसारखा येत होता, एका साच्यातून काढल्यासारखा. मामंजी असते तर असा होकार ऐकून त्यांनी पाना खाली ठेवला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी न मारता त्या सरळ कटरपाशी गेल्या. काय विचारायचं ते त्यांनी ठरवलेलं नव्हतं. दिरानं नुकताच एक गठ्ठा कापला होता, पातं वर गेलं होतं. गठ्ठ्यातलं एक पुस्तक जरा तिरकं होऊन कोपरा बाहेर आला होता. वहिनींचा हात आपोआप पुढे गेला. वीस वर्षांची सवय. पात्याखाली हात घालून त्यांनी ते पुस्तक सरळ केलं.

आणि हॉल थांबला.

आधी जवळचं शिवणाचं मशीन थांबलं, मग त्यापलीकडचं, मग त्यापलीकडचं. वहिनींनी मान वर केली. माणसं जागच्या जागी उभी राहिली होती. एकीनं तोंडावर हात दाबून धरला होता, एकानं डोळे मिटून घेतले होते. कोणीही ओरडत नव्हतं. वहिनींचा हात अजून पात्याखालीच होता.

दिरानं त्यांचं मनगट धरलं आणि इतक्या जोरानं ओढलं की त्या बाजूच्या पुठ्ठ्यांवर जाऊन आदळल्या. घड्याळाचा पट्टा तुटून घड्याळ कुठंतरी गेलं.

काहीच झालं नाही. पातं वरच होतं.

"चुकलं, मॅडम," दीर म्हणाला. त्याचे ओठ पांढरे झाले होते.

वहिनींच्या तोंडात शब्द तयार होते. आवाज खाली आला, मान थोडी पुढे झुकली. "भाऊजी, तुम्हाला काळजी..." एवढं त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पाहिलं की दीर एक पाऊल मागे सरकला. पात्यापासून नाही. त्यांच्यापासून. त्याच्या मागे उभ्या असलेल्या दोघीही सरकल्या. शेतातल्या पिकावरून वारा जावा तसं काहीतरी त्या चेहऱ्यांवरून गेलं. आणि ते आपल्या आवाजानं गेलं, हे वहिनींना स्वच्छ दिसलं. इतके दिवस त्या समोरच्याचं म्हणणं परत सांगत होत्या, पण समोरच्याचा चेहरा त्यांनी पाहिलाच नव्हता.

त्या पुठ्ठ्यांच्या थप्पीवरच बसून राहिल्या.

"माझे पाय थरथरतायत," त्या म्हणाल्या. आवाज मऊ नव्हता, मोठाही नव्हता. कसाबसा येत होता. "मला भीती वाटतेय. कशाची ते मला माहीत नाही, आणि तुम्हा सगळ्यांना माहितेय. एवढंच दिसतंय मला."

मग रेडिओमावशी मशीनमागून उठली, पदर खोचला, आणि म्हणाली, "वहिनी, ते पातं दोनदा पडतं."

"म्हणजे?"

"एकदा बटण दाबून पडतं. वर जातं. आणि कधीमधी, कोणी हात न लावता, परत पडतं."

वहिनींनी दिराकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. "रोज नाही. कधी येईल सांगता येत नाही. ब्रेक झिजलाय बहुतेक."

"केव्हापासून?"

"खळकाका होते तेव्हापासून."

"आणि कोणी मला सांगितलं नाही?"

"खळकाका गेले होते ना सांगायला," रेडिओमावशी म्हणाली. आता तिचं तोंड सुरू झालं होतं आणि ते थांबणार नव्हतं. "तुमच्याकडं नाही, सरळ वर साहेबांकडं. त्यांच्या डोळ्यांदेखत तुमच्या दिराच्या हाताशी पातं पडलं, बोटभर अंतर राहिलं, म्हणून गेले. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांना खुर्चीत बसवून चहा पाजलात. आम्हाला काय कळायचं ते कळलं. कटरचं बोलायचं नाही. बोललं की चहा."

"मला ठाऊक नव्हतं, मावशी. माणूस कमी करायचाय, एवढंच मला सांगितलं होतं."

"ते आम्हाला कसं कळणार? तुमचा आवाज कळण्यातला राहिला नाही. आधी बरं होतं, शिटी झाली की कळायचं किती शिजलंय ते. आता तुम्ही झुकून कसं वाटतंय विचारलंत की आम्ही एकमेकींकडे बघतो, आज कोणाचा नंबर म्हणून."

मागे कोणीतरी हसलं, आणि लगेच गप्प झालं.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "घरी तरी सांगायचं."

दीर जमिनीकडे बघत होता. "आपल्या घरात दोन पगार या हॉलमधून येतात, वहिनी. मला वाटलं, हंगाम निघून जाईल. तुम्ही काम हळू होतंय म्हणालात..." पुढचं त्यानं गिळलं.

वहिनींनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मनगटावर दिराच्या बोटांचे लाल वळ उमटले होते. पाच. त्या उठल्या.

"पाना आणा," त्या म्हणाल्या. "पातं काढायचंय."

मुख्य स्विच बंद करून दिरानं पात्याला मुठी लावल्या आणि भार अंगावर घेतला. वहिनींनी पहिल्या बोल्टाला पाना लावला. इतक्या वर्षांनी हात अडखळतील असं त्यांना वाटलं होतं, पण हातांना सगळं आठवत होतं.

"सोडू?"

"सोडा."

त्या थांबल्या. तो होकार घाईचा होता. "सोडू?" त्यांनी परत विचारलं.

दिरानं पाय रोवले, श्वास घेतला. "सोडा, वहिनी."

आता तो बरोबर होता. एकेक बोल्ट निघत गेला. हॉलमध्ये कोणी काम करत नव्हतं. शेवटी ते लांब, चकचकीत पातं दोघांनी मिळून लाकडी पेटीत निजवलं आणि वर झाकण सरकवलं. धार लावणाऱ्याचा टेम्पो त्या दिवशी यायचाच होता. पेटी त्यात चढली आणि फाटकाबाहेर गेली. धार चांगली होती. ते सगळ्यांना माहीत होतं.

टेम्पो वळला असेल नसेल, तोच वरून निरोप आला. साहेबांनी बोलावलंय.

साहेबांची खोली जिन्याच्या वर होती. तिच्या खिडकीतून सगळा हॉल दिसायचा. वहिनी दारात उभ्या राहिल्या. इतक्या हंगामांत साहेब कधी खुर्चीतून उठले नव्हते. आज उठले.

"या, या. बसा ना."

"उभी बरी आहे मी."

"असं कसं. बसा." त्यांनी स्वतः खुर्ची ओढली. टेबलावर चहा आधीच आलेला होता. दोन कप. वहिनी खुर्चीच्या कडेवर टेकल्या, आणि कडेवरच का टेकलो हे त्यांना त्याच क्षणी कळलं.

साहेब थोडे पुढे झुकले. "कटर बंद केलात असं ऐकलं."

"पातं स्वतःहून पडतंय, साहेब. ब्रेक गेलाय. कोणाचा तरी हात जाईल."

"कोणाचा तरी हात जाईल अशी तुम्हाला काळजी वाटतेय." त्यांचा आवाज अगदी खाली होता. "समजू शकतो मी. ब्रेकचं मला माहीत आहे. मेकॅनिक सांगून गेलाय. भाग बाहेरून यायचाय, मशीन सगळं उघडावं लागेल. हंगाम संपला की करू."

"तुम्हाला माहीत होतं?"

"ते खळवाले काकाही आले होते. भला माणूस. पण असं बोलणं हॉलभर पसरलं की माणसं बिथरतात. आणि तुम्ही ते किती छान हाताळलंत." साहेब हसले. हसू खरं होतं, निदान खऱ्यासारखं होतं. "तुम्हाला त्या कोर्सला उगीच नाही पाठवलं."

खिडकीतून खाली हॉल दिसत होता. माणसं उभी होती आणि वर बघत होती. तिकडून ही खोली कशी दिसत असेल, ते वहिनींना नेमकं ठाऊक होतं.

"पातं मी परत मागवलंय," साहेब म्हणाले. "उद्या सकाळी येईल."

"मी बसवणार नाही."

"तुम्ही नका बसवू. तुमचे दीर बसवतील. समजूतदार आहे तो, घरचा विचार करणारा आहे. तुम्ही फक्त सांगा त्याला, तुमच्या त्या पद्धतीनं. आणि तुम्हाला नसेलच जमत, तर मलाही समजूनच घ्यावं लागेल." त्यांनी चहाचा कप वहिनींच्या बाजूला हळूच सरकवला. "कसं वाटतंय तुम्हाला?"

"भीती वाटतेय," वहिनी म्हणाल्या. "ती मी खाली जाऊन सगळ्यांना सांगणार आहे."

"जरूर सांगा," साहेब म्हणाले. त्यांचं हसू जराही हललं नाही. "चहा तर घ्या."

वहिनी उठल्या. चहावर साय धरायला लागली होती.

जिना उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता. खाली दीर उभा होता, त्याच्या मागे रेडिओमावशी, आणि मागे बाकीचे.

"काय म्हणाले?" दिरानं विचारलं.

काही नाही, सगळं ठीक आहे, हे शब्द वहिनींच्या ओठांपर्यंत आले होते. ते त्यांनी मागे लोटले.

"त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं. खळकाकांना त्यासाठीच काढलं, आणि ते माझ्या हातून करवलं. तुमचंच बरोबर होतं, मावशी." त्यांचा आवाज चढला होता, आणि त्यांनी तो चढू दिला. पुढच्या बाजूच्या छपाईवाल्यांनी दारातून डोकावून पाहिलं. "पातं उद्या सकाळी परत येतंय. मी बहुतेक इथे नसेन. आणि भाऊजी, तुम्हाला कोणीतरी वर बोलावेल, खुर्चीत बसवेल, अगदी मऊ बोलेल. घराबद्दल विचारेल. मुलांबद्दल विचारेल."

"पातं बसवायला दोन माणसं लागतात," वहिनी म्हणाल्या. "हे काम इथे आणखी कोणाला येत असेल तर त्यांनाही विचारतेय. बसवणार का?"

"नाही," दीर म्हणाला.

तो नकार वहिनींनी नीट ऐकला. त्यात घाई होती, आणि भीतीही होती. त्यांनी दिराच्या हातांकडे पाहिलं. ते त्यानं काखेत दाबून धरले होते.

वर खिडकीत साहेब चहाचा कप घेऊन उभे होते. वहिनी एक पायरी खाली उतरल्या, दिराच्या अगदी समोर आल्या, आणि त्यांनी परत विचारलं.